हत्याराची किंमत आणि विद्येचे मोल

एकपासून आठपर्यंतच्या अंकांचा गुणाकार किती, असे सातवीतल्या मुलाला विचारले तर तो कागदावर आकडे मांडून ४०,३२० असे उत्तर देईल. हाच गुणाकार संगणकाकडून करवून घेण्याची आज्ञावली मुंबईच्या उपनगरांतील एखाद्या महाविद्यालयात विद्यार्थी लिहितो, तेव्हा पडद्यावर उणे २५,२१६ असा आकडा उमटण्याचा प्रसंग वर्षानुवर्षे येत राहिला आहे. विद्यार्थी गोंधळतो. सातपर्यंतचा गुणाकार बिनचूक आणि आठला एकदम ऋण संख्या, हे कसे? आज्ञावलीची रीत बरोबर असते, विद्यार्थ्याचे तर्कशास्त्रही बरोबर असते. चूक असते ती त्याच्या हाती दिलेल्या हत्याराच्या वयात. ‘टर्बो सी++’ नावाचे हे साधन १९९० च्या सुमाराचे. त्यात साध्या पूर्णांकाला सोळा बिटांची जागा, म्हणजे ३२,७६७ ही कमाल मर्यादा. त्यापुढची संख्या आली की ती गडगडून शून्याच्या पलीकडे जाऊन पडते.

या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९९८ साली प्रसिद्ध झाले. टर्बो सी++ त्याच्या आधीचे. म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून लोकल पकडून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या जी भाषा शिकल्या, ती भाषेचे व्याकरण ठरण्यापूर्वीची बोली होती. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर हे साधन सरळ चालतही नाही. त्यासाठी जुन्या डॉस यंत्राचे सोंग आणणारी दुसरी आज्ञावली आधी चालवावी लागते आणि तिच्या पोटात हे साधन उघडावे लागते. अगदी अलीकडेपर्यंत अनेक ठिकाणी हेच चालू होते आणि काही ठिकाणी अजूनही चालू आहे. नव्या यंत्राला जुने सोंग घ्यायला लावून त्यावर जुनी विद्या शिकवायची, हा उद्योग आपण का केला? शिक्षकांच्या आळसावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या प्रश्नाचे खरे उत्तर हत्याराच्या किमतीत आहे, आणि ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

किंमत कोठून आली?

संगणकाच्या आज्ञावलीला स्वतंत्र किंमत असते ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. यंत्र घेतले की आज्ञावली सोबत येत असे. जून १९६९ मध्ये आयबीएमने यंत्राची आणि आज्ञावलीची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले आणि या व्यापाराचा जन्म झाला. पुढे १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स या विशीतल्या तरुणाने हौशी संगणकधारकांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आपल्या ‘बेसिक’ भाषेच्या साधनासाठी चाळीस हजार डॉलरहून अधिक किमतीचा यंत्रवेळ खर्च झाला, वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीही ते विकत घेतलेले नाही आणि मिळकतीचा हिशेब केला तर ताशी दोन डॉलरही पदरात पडत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यातून पुढच्या दशकाने जो धडा घेतला तो एकांगी होता. चोरी होते म्हणून किंमत चढी ठेवायची आणि किंमत चढी म्हणून चोरी व्हायची, असे ते चक्र झाले. लहान संगणकांसाठीच्या कंपायलरची, म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाची, किंमत त्या काळी कित्येक शे डॉलर असे.

हे चक्र नोव्हेंबर १९८३ मध्ये एका लहानशा कंपनीने भेदले. फिलिप काह्न यांच्या बोर्लंड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ हे साधन पन्नास डॉलरांना पाच सेंट कमी, अशा किमतीत बाजारात आणले. मागचा-पुढचा विचार न करता केलेला हा सेल नव्हता. किमतीमागे तंत्र होते. तोपर्यंतची रीत अशी की, मजकूर लिहिण्याची आज्ञावली वेगळी, रूपांतर करणारी वेगळी, तुकडे जोडणारी वेगळी. प्रत्येकीसाठी फ्लॉपीशी झटापट करायची, आणि एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्ग या अभियंत्याने हे सारे एका आज्ञावलीत बसवले. मजकूर यंत्राच्या स्मृतीतच असताना त्यावरून एकदाच नजर फिरवायची आणि तेथल्या तेथे यंत्रभाषा तयार करायची, ही त्याची युक्ती. चूक सापडली की काम थांबे आणि पडद्यावरची खूण नेमकी त्या चुकीपाशी जाऊन उभी राही. हा सारा पसारा थोड्याशा, दहा-वीस नव्हे तर फार तर चाळीस किलोबाइटांत मावत असे. आज मोबाइलवर आलेले एखादे साधे छायाचित्रही याच्या कितीतरी पट जागा खाते.

तंत्र आटोपशीर म्हणून किंमत आटोपशीर, आणि किंमत आटोपशीर म्हणून ग्राहक पुष्कळ, असा हा हिशेब होता. बोर्लंडने परवान्यातही सरळपणा ठेवला. हे साधन पुस्तकासारखे समजा, असे त्यात सांगितलेले असे. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्या, घरातल्या कोणीही वापरा, फक्त एक प्रत एकाच वेळी दोन ठिकाणी वापरली जाऊ नये. पुस्तक एकाच वेळी दोघांना दोन गावी वाचता येत नाही, तसेच हे. वकिली भाषेच्या जंगलात असा एक परिच्छेद सामान्य माणसाला कळेल असा असावा, ही त्या काळी नवलाईच होती.

एक पगार, एक साधन

अमेरिकेत स्वस्त ठरलेली वस्तू मुंबईच्या उपनगरात स्वस्त ठरते काय? १९८७ साली बोर्लंडने ‘टर्बो सी’ शंभर डॉलरच्या आत आणले. त्या वेळी डॉलर सुमारे तेरा रुपयांना होता. म्हणजे जकात, वाहतूक आणि दलाली सोडून या साधनाची किंमत तेराशे रुपये. त्याच सुमारास चौथ्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या कनिष्ठ कारकुनाचे मूळ वेतन ९५० रुपयांपासून सुरू होत होते. मुलुंडहून व्हीटीला जाणाऱ्या कारकुनाने आपल्या मुलाला हे साधन रीतसर विकत घेऊन द्यायचे ठरवले असते, तर महिन्याचा मूळ पगार देऊनही रक्कम अपुरी पडली असती. संगणक घेण्याची गोष्ट तर दूरच.

एकीकडे ही स्थिती, तर दुसरीकडे याच उपनगरांत सॉफ्टवेअरच्या निर्यातीचा पाया घातला जात होता. अंधेरी पूर्वेला सीप्झ १९७३ साली स्थापन झाले. १९७७ साली निघालेली टाटा बरोज तेथूनच परदेशी ग्राहकांची कामे करू लागली. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळल्यावर देशी अभियंत्यांना निरनिराळ्या यंत्रांवर हात बसवणे भाग पडले, आणि ते त्यांनी उत्तम रीतीने केले. पण तेथल्या कुंपणाआड जी साधने होती ती ग्राहकाच्या कामासाठी आणि ग्राहकाच्या खर्चाने आलेली. कुंपणाबाहेर, स्थानकाजवळच्या माडीवर भरणाऱ्या संगणकवर्गात मात्र एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवलेली प्रत असे. १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर लहान संगणक हळूहळू सुलभ झाले, अशा वर्गांच्या पाट्यांनी स्थानकांचे परिसर भरून गेले, आणि बोर्लंडची साधने घराघरांत पोचली. त्यांपैकी विकत घेतलेल्या प्रती किती असतील, हे वाचकाला वेगळे सांगायला नको.

या नकलेचा नैतिक निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. कायद्याने तो केलेलाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला, आणि १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६३-बनुसार नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैदेची शिक्षा माफ करून पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते, एवढीच सवलत. ज्या वर्गात मुलांना ‘विद्या विनयेन शोभते’ असे शिकवायचे, त्याच वर्गातले साधन या कलमाच्या कक्षेत येत असेल तर त्या विसंगतीची टोचणी शिक्षकाला लागत असणारच. पण नैतिक प्रश्नाहूनही अधिक नुकसान एका वेगळ्या गोष्टीने झाले, आणि तिकडे आपले लक्ष गेले नाही.

ते नुकसान असे. विकत घेतलेल्या वस्तूची नवी आवृत्ती येते, तिच्याबरोबर पुस्तिका येते, तक्रार करण्याची सोय असते. नकलेला यातले काहीच नसते. ती जिथे सापडली तिथेच गोठते. आणि नकल फुकट असल्यामुळे खरोखरच मुक्त असलेल्या साधनांचा शोध घेण्याची निकड कोणाला वाटत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून सी भाषेचा मुक्त कंपायलर १९८७ सालीच, म्हणजे टर्बो सी आले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला होता. आरंभी तो मोठ्या यंत्रांपुरता होता हे खरे, पण नव्वदच्या दशकात लिनक्सबरोबर तो साध्या संगणकावरही आला. तो घेणे कायदेशीर होते, वाटणे कायदेशीर होते, त्याचे पोट उघडून पाहणेही कायदेशीर होते. तरी आपल्या प्रयोगशाळांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, कारण चोरीच्या फुकटाने हक्काच्या फुकटाची जागा आधीच बळकावली होती. पुढे अभ्यासक्रम त्या गोठलेल्या प्रतीभोवती बांधले गेले, पाठ्यपुस्तके तिच्यावर लिहिली गेली, तोंडी परीक्षेचे प्रश्न तिच्यावरून निघू लागले. पडदा पुसण्याची जी आज्ञा फक्त त्या एका कंपनीच्या साधनात होती, तिला मुले भाषेचाच भाग समजू लागली. एका उत्पादनाचे नाव पुसून ‘सी++’ असा शिक्का मारला गेला.

जुहू आणि पवई

दुसरा मार्ग उपनगरांत उपलब्धच नव्हता असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंगणात वाढलेल्या केंद्रातून १९८५ साली ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही स्वायत्त संस्था निघाली आणि जुहूला स्थिरावली. आज ती सीडॅकचा भाग आहे. लिनक्सवर भारतीय लिपी नीट उमटाव्यात यासाठीचे ‘इंडिक्स’ हे काम तिथे झाले. पवईच्या आयआयटीने तर या प्रश्नाला अधिक थेट हात घातला. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने तेथे ‘फॉसी’ हा उपक्रम चालतो. अभियांत्रिकीत गणनासाठी वापरले जाणारे मॅटलॅब हे व्यापारी साधन महाग, म्हणून त्याच्या जागी फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत विकसित झालेले सायलॅब हे मुक्त साधन महाविद्यालयांनी वापरावे, हा त्याचा एक उद्देश. पण ‘वापरा’ म्हणून परिपत्रक काढून कोणी वापरत नसते. शिक्षकाची खरी अडचण ही की, पाठ्यपुस्तकातली उदाहरणे जुन्या साधनावर सोडवलेली असतात. तेव्हा फॉसीने देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून आणि अध्यापकांकडून प्रचलित पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून घेतली, त्याबद्दल मानधन दिले, आणि ती सर्वांना खुली केली. त्याच परिसरातल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने दहा-दहा मिनिटांचे बोलके धडे तयार केले. अर्ध्या पडद्यावर धडा पाहायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर तसेच करून पाहायचे. यांतले पुष्कळ धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

हे उपक्रम परिपूर्ण आहेत असे नाही. परंतु हत्याराची किंमत हा शिक्षणाचा प्रश्न आहे आणि तो केवळ हत्यार बदलून सुटत नाही, त्याच्याभोवतीची पुस्तके, उदाहरणे आणि शिक्षकाची सवय हे सारे बदलावे लागते, हे त्यांनी ओळखले. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवले ते याच चिकाटीने. केंद्र सरकारनेही २०१५ साली आपल्या कारभारात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. महाराष्ट्राच्या विद्यापीठांनी हा विचार अभ्यासक्रमाच्या कागदावरून परीक्षेच्या टेबलापर्यंत नेला आहे काय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

फुकटाचा हिशेब

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सीप्झ, पवई, मालाड, ऐरोली येथल्या कचेऱ्यांत हजारो मराठी तरुण सॉफ्टवेअर लिहून संसार चालवतात. सगळेच फुकट हवे असेल तर त्यांचा पगार कोण देणार? उत्तर असे की, मुक्त म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. फॉसीने उदाहरणे लिहून घेतली ती मानधन देऊनच. प्रश्न कष्टाला दाम द्यावा की नाही हा नाही. तो दाम कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने द्यावा, हा आहे.

व्यापारी कंपन्यांनी आपल्या परीने याचे उत्तर शोधले. बोर्लंडने पुढे सामान्य ग्राहक सोडून बड्या कंपन्यांच्या मागे धाव घेतली, १९९८ मध्ये नावही बदलून पाहिले. हेल्सबर्ग १९९६ सालीच मायक्रोसॉफ्टकडे गेले होते. टर्बो पास्कलचा वारस असलेले ‘डेल्फी’ २००८ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले, आणि २०१८ मध्ये तिने वर्षाला पाच हजार डॉलरपेक्षा कमी कमाई असणाऱ्यांसाठी त्याची एक विनामूल्य आवृत्ती काढली. स्वतः मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आपल्या मोठ्या साधनाची एक विनामूल्य आवृत्ती दिली आणि २०१५ मध्ये ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ फुकट वाटले. चाळीस वर्षांपूर्वी चोरीविरुद्ध पत्र लिहिणाऱ्याच्या कंपनीला हे औदार्य कोठून सुचले? उपरती झाली असे समजण्याचे कारण नाही. साधन फुकट दिले की ते वापरणारे आपल्या अंगणात राहतात, आणि मग यंत्रवेळ व साठवण भाड्याने घेताना आपल्याच दुकानात येतात. दुकानदार चहा पाजतो तेव्हा चहाची किंमत साडीत लावलेली असते, हे दादरच्या गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही.

आता या गोष्टीने नवे वळण घेतले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर स्वतःच आज्ञावली लिहून देणारी साधने आली आहेत. त्यांतले ‘गिटहब कोपायलट’ २०२२ मध्ये विक्रीला आले तेव्हा महिन्याला दहा डॉलर असा दर होता. पुढे अशा सेवांचे दर दहा-वीस डॉलरपासून शेकडो डॉलरपर्यंत पसरले, आणि वापराप्रमाणे आकारणीही सुरू झाली. टर्बो पास्कल एकदा घेतले की कायमचे आपले होते, पुस्तकासारखे. हे नवे साधन विजेच्या मीटरसारखे आहे. पैसे भरणे थांबले की अंधार. विद्यार्थ्यांना सवलती आहेत, आणि २०२५ साली तर काही कंपन्यांनी भारतीयांना अशा सेवा वर्षभर विनामूल्य देऊ केल्या. पण वर्षभराची ही मेजवानी पाहून त्या जुन्या फ्लॉपीची आठवण होते. फरक एवढाच की, तेव्हा सवय आपण चोरून लावून घेतली, आता ती विक्रेता स्वतः लावून देत आहे.

यात विद्येचाही प्रश्न गुंतला आहे. टर्बो पास्कल चूक दाखवत असे, दुरुस्त विद्यार्थ्याने करायची असे. नवे साधन चूकही तेच काढते आणि दुरुस्तीही तेच करते. ज्याला आठ क्रमांकाला उत्तर उणे का आले हे समजलेले नाही, त्याला या साधनाने दिलेले उत्तर खरे की खोटे हे कसे कळणार? आधुनिक कंपायलरही बत्तीस बिटांच्या पूर्णांकात बारापर्यंतचाच गुणाकार बरोबर देतो, तेराला तोही गडगडतो. मर्यादा पुढे सरकली, नाहीशी झाली नाही. ती ओळखणे हीच विद्या. मीटरची भाडेपट्टी ज्याला परवडते त्याला वेग मिळेल. ही विद्या मात्र ज्याला मिळाली नाही, त्याला तो वेग पेलणार नाही.

यातून करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. विद्यापीठाने आणि परीक्षा मंडळाने अभ्यासक्रमात भाषेच्या प्रमाणकाचे वर्ष नमूद करावे, कोणा उत्पादनाचे नाव अप्रत्यक्षपणेही शिरू देऊ नये. प्रात्यक्षिक परीक्षा मुक्त साधनावर घेता येईल अशीच रचावी. महाविद्यालयांनी प्रत्येक यंत्रावरील प्रत्येक साधनाचा परवाना दाखवणारी नोंदवही ठेवावी. ग्रंथालयातील पुस्तकांची दप्तरे असतात, मग यांची का नसावीत? उदाहरणे नव्याने लिहिण्यासाठी शिक्षकाला तास कमी करून द्यावेत आणि मानधन द्यावे, कारण खर्च वाचतो तो परवान्यावर, शिक्षकाच्या घामावर तो वाचवायचा नसतो. आणि मीटरवर चालणारी साधने वर्गात जरूर दाखवावीत, पण त्यांच्याविना जो काम करू शकत नाही त्याला उत्तीर्ण म्हणू नये.

सुताराच्या मुलाला बापाचा रंधा वारशाने मिळतो. तो जुना असला तरी त्याची धार कशी लावायची हे बाप शिकवतो. आपण उपनगरांतल्या मुलांना जुना रंधा दिला, तोही उसनवारीचा, आणि धार लावायला शिकवले नाही. आता भाड्याचा रंधा दाराशी आला आहे. तो घ्यावा की नाही, हे ज्याचे त्याने आपला खिसा पाहून ठरवावे. पण ४०,३२० चे उणे २५,२१६ का झाले, हे सांगू शकणारा विद्यार्थी घडवण्यासाठी कोणाच्याही परवान्याची गरज नाही, आणि तो घडला नाही तर त्याची सबब कोणत्याही किमतीवर ढकलता येणार नाही.